ठकीचं कॉलेज

“ती ठेव मोडून टाका,” सुतार म्हणाला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, कारण एकदा बसलो की धीर सुटेल याची त्याला धास्ती होती. बायको शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली.

मास्तरांनी उगाचच पंखा वाढवला. पूर्वी ते शाळेत गणित शिकवत. आता लोकांना पैसे कसे लावायचे, कसे जपायचे ते सांगतात आणि सल्ल्याची फी घेतात. छडी तेवढी शाळेत ठेवून आलो, असं नव्या माणसाला हमखास ऐकवतात. आज विनोदाची सोय नव्हती. या दोघांची एकुलती एक मुलगी, ठकी, साध्या तापाचं निमित्त होऊन गेली, त्याला वर्ष होत आलं होतं.

“जिच्यासाठी जमवत होतो तीच राहिली नाही,” सुतार म्हणाला. “दुसऱ्याच्या कारखान्यात किती दिवस रंधा मारू? त्या पैशात माझं छोटं दुकान उभं राहील. तुम्हीच सांगा, चुकतोय का मी?”

तो चुकत नव्हता. घोडं पेंड खात होतं ते मास्तरांच्याच एका खोडीपाशी. प्रत्येक ठेवीला ते नाव द्यायला लावत, त्याशिवाय पहिला हप्ताच घेत नसत. नुसत्या पैशाला माणूस कधीही हात घालतो, पोरीच्या नावाच्या पैशाला घालत नाही, असं ते मोठ्या तोऱ्यात सांगत. या ठेवीचं नाव होतं ‘ठकीचं कॉलेज’.

“ताई, तुमचं काय म्हणणं?”

“हप्ता गेला की मोबाइलवर मेसेज येतो,” ती म्हणाली. “‘ठकीचं कॉलेज’मध्ये पैसे जमा झाले म्हणून. तिचं नाव आता कुणी काढत नाही हो. शेजारीपाजारी टाळतात, माझी सख्खी बहीण विषय बदलते. आणि हे तर... जाऊ दे. महिन्यातून एकदा कुणीतरी म्हणतं, ठकी कॉलेजात जाणार आहे. मशीन का होईना, म्हणतं ना!”

“वेडी आहे झालं,” सुतार पुटपुटला. आवाजात जोर नव्हता.

मास्तरांना स्वतःचाच राग आला. इतक्या घरांना ठेवीला नाव द्यायला लावलं, पण त्या नावाचं माणूसच गेलं तर काय करायचं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

“नाव बदलता येतं,” ते चाचरत म्हणाले. “पैसे तसेच राहू देत, फक्त नाव...”

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की वाक्य तोंडातच राहिलं.

मग तिनं पर्स उघडून चष्मा काढला. “नको. मोडाच. यांचंही खरं आहे, उरलेल्यांनी जगायला तर हवं. सही कुठे करू?”

मास्तरांनी कागद पुढे सरकवला. तिनं पेन उचललं, तसा सुताराचा खरबरीत हात तिच्या हातावर येऊन पडला.

“मास्तर,” तो म्हणाला, “शिक्षणाचा खर्च दर वर्षी वाढतो ना?”

“वाढतो.”

“मग हप्ता थोडा वाढवा. ठकी आता पाचवीत गेली.”