खंडेनवमीची स्वच्छता

गवत कापायच्या यंत्रातले उरलेले पेट्रोल नानांनी डब्यात काढून घेतले आणि यंत्र अंगणात आडवे केले. दर वर्षी हिवाळ्यापूर्वी हे काम मुलगा करी. त्याला जाऊन दोन महिने झाले होते. परवा नाना अमेरिकेहून भारतात परतणार होते. त्याआधी सुनेचे एखादे तरी ओझे हलके करावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

आज खंडेनवमी. वर्ष सरेपर्यंत घरात पूजा नव्हती, परंतु हत्यार स्वच्छ करायला शास्त्राची आडकाठी नव्हती. पात्याभोवती वाळलेल्या गवताचा थर चिकटला होता. नानांनी तो खरवडला, पाइप लावून सारे धुऊन काढले, पात्यावरून तेलाचे बोट फिरवले. कितीतरी दिवसांनी आपण कुणाच्या उपयोगी पडलो, असे त्यांना वाटले.

सून बाहेर आली आणि दारातच थबकली.

“धुतलंत, नाना?”

“न धुऊन कसं चालेल, गौतमी? केवढं गवत साचवलं होतं तुझ्या नवऱ्यानं! आळशी लेकाचा.”

“तो गेला त्या सकाळी त्यानं कापलेलं गवत होतं ते. रोज गराजमध्ये जाऊन मी त्याचा वास घ्यायचे.”

मातकट पाणी उतारावरून रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीत केव्हाच उतरले होते. नाना तिथवर धावत गेले, गुडघ्यांवर बसले आणि गजांतून बोटे खाली घालून चाचपू लागले.

“राहू द्या, नाना. गारठा आहे, आत चला.”

नाना उठले नाहीत. हाताला नुसते गार लोखंड लागत होते.