परातीतला बर्फ

"परात हालवू नगंस, सारजे! आदी बोट घाल. खाली काय लागतंय?"

सारजाबाईनं परातीत बोट खुपसलं. वरचं पीठ दाबून घट्ट बसवलेलं होतं. खाली मात्र ज्वारीच्या कण्या भुसभुशीत लागल्या.

"कण्या हायेत, दादा."

"बग! वरचा थर घट्ट, खालचा सुट्टा. वरनं बगनाऱ्याला वाटतंय भुई हाय. आता कर तिरकी."

तिनं परात जराशी तिरकी केली मात्र, सगळं पीठ एका तुकड्यात सर्रकन घसरलं ते थेट गोजरबाईच्या मांडीवर.

"मेली गोजर!" कुंडलिक आनंदानं ओरडला. "बद्रीनाथ ऱ्हायला बाजूला!"

मेलेली गोजर लुगडं झटकत खदाखदा हसत सुटली. कुंडलिकनं सांडलेलं पीठ दोन हातांनी सफाईनं गोळा केलं, चिमूटभरही वाया जाऊ दिलं नाही.

आता खरं सांगायचं तर, ओसरीवर जमलेल्या त्या पाच जणींतल्या एकीलाही बद्रीनाथला जायचं नव्हतं.

कुंडलिक सारजाबाईचा थोरला भाऊ. उत्तरेत डेहराडूनला मोजणी खात्यात तीस वर्षं काढून तो वैरागला परतला. बर्फाचे डोंगर मोजलेला माणूस म्हणून गावात त्याचा मान. पण दिवाळीत त्याची बायको केराबाई गेली आणि या गड्यानं भिंतीकडं तोंड केलं. बोलेना, खाईना. सोलापूरच्या डॉक्टरनंही हात टेकले. सारजाबाईचा जीव तुटायचा. भाऊ डोळ्यांदेखत विझत चालला होता.

एके दिवशी तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "दादा, आमी बायका बद्रीनाथला जावं म्हनतोय. लई बर्फ असतोय का रं तितं?"

कुंडलिक ताडकन उठून बसला. "बर्फ म्हंजे काय खेळ वाटला व्हय तुमाला?"

त्या दिवशी त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. सारजाबाईनं लगेच गल्लीतल्या चौघींना गाठलं. "कायबी इचारा, पर इचारत ऱ्हावा गं!"

तेव्हापासून रोज दुपारी ओसरीवर शाळा भरायची. कुंडलिकची कळीच खुलली.

"रातीला गोठलेला बर्फ सकाळी पाय धरतोय. ऊन चढलं की दगा देतोय. उतार वलांडायचा तर सकाळीच, आन एकेकीनं. घोळका केला की सगळ्याच गाडल्या जाताल. आन पायाखाली ढप्प आवाज आला, की आल्या पावली माघारी!"

"देवळाचा कळस समोर दिसत असला तरी?" बजाबाईनं विचारलं.

"तरीबी माघारी. देव काय पळून जात न्हाय."

म्हातारा अंगानं भरला, दाढी करू लागला, बायकांची थट्टा करू लागला. सारजाबाईला मात्र एकच धास्ती. आपण थापा मारतोय हे त्याला कळलं, तर तो पुन्हा भिंतीकडं वळेल आणि मग काही उठायचा नाही. म्हणून ती जायचा दिवस पुढं ढकलत राहिली. आधी गोजरच्या लेकीचं बाळंतपण, मग बजाबाईची गुडघेदुखी.

चैत्र सरत आला, तसा एका दुपारी कुंडलिक फेटा बांधून ओसरीवर आला. त्यानं खिशातनं तिकिटं काढली आणि परातीत ठेवली.

"बार्शीच्या टेशनात जाऊन आलो. हरद्वारची सहा तिकिटं. पाच तुमची, एक माजं. अक्षय तिजेच्या सुमाराला बद्रीनाथच्या देवळाची दारं उघडत्यात."

बजाबाईनं पदर तोंडात कोंबला. गोजरबाई छताकडं बघू लागली. सख्ख्या भावाला सारजाबाई आणखी किती फसवणार? तिनं त्याचे पाय धरले.

"दादा, मार मला! आमाला जायचंच नव्हतं रं. तू बोलावंस, दोन घास खावंस, म्हनून केलं समदं."

कुंडलिकनं तिला हाताला धरून उठवलं.

"ठावं हाय," तो म्हणाला.

"कदीपास्नं?"

"पैल्या दिवसापास्नं. बैलगाडीत बसली तरी तुला भोवळ येती, आन तू बद्रीनाथ चढनार व्हय गं?"

"मग रोज घसा कोरडा करून शिकवलंस कशापायी?"

"तुमी रोज येत हुता की."

सारजाबाई रडत रडतच हसली. बाकीच्या चौघीही डोळे पुसू लागल्या. कुंडलिकनं रस्त्यावर कुणी नाही ना, ते बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"आता माजंबी ऐका. केराला सुदीक हे सांगायचा धीर झाला न्हाय. तीस सालं म्या त्या कचेरीत भाकऱ्या थापल्या. डोंगरावनं आलेली मानसं जेवताना सांगायची, ते ऐकायचो. बर्फात माजं पाऊल एकदाबी पडलेलं न्हाय. तवा बोचकी बांदा, बायांनो. एकट्याला जायला मला लई भ्या वाटतंय."