काढलेली झोप

रविवारचं जेवण झालं आणि श्रीरंगरावांनी नवरा-बायकोची निद्रानिधीची पासबुकं चटईवर शेजारीशेजारी मांडली. पन्नाशी आली होती, आता बघायलाच हवं होतं.

जेवल्यावर कानामागे बटण लावलं, की डोळ्यांवरची पेंग उतरून निधीत जमा व्हायची. म्हातारपणी झोप रुसली, की तीच काढायची. झोप काढणं म्हणजे पूर्वी नुसतं आडवं होणं असायचं; आता त्याला पासबुक लागे. श्रीरंगरावांनी वीस वर्षांत एक दुपार चुकवली नव्हती. त्यांचे अकरा हजार तास झाले होते. वैजयंतीबाईंचे अवघे नऊ तास.

"नऊ? अगं, म्हातारपणी करशील काय?"

"तुमच्यातली काढीन," म्हणत त्या बटणाशिवायच लवंडल्या.

श्रीरंगरावांनीही इरेला पेटून आपल्या खात्यातली अर्ध्या तासाची झोप काढून पाहिली. झोप चोख आली, विहिरीच्या तळासारखी गार आणि गाढ. पण आत कुणीच नव्हतं. जाग आल्यावर त्यांनी पासबुकाच्या मागची बारीक अक्षरं पहिल्यांदाच वाचली. निधीत स्वप्नं जमा होत नाहीत.

शेजारी वैजयंतीबाई झोपेत हसत होत्या. खिडकीतलं ऊन त्यांच्या पावलांवरून गुडघ्यांपर्यंत चढलं, तरी ते बघतच राहिले.

डोळे उघडून त्या म्हणाल्या, "अहो, स्वप्नात तुम्ही होतात."

"काय करत होतो?"

"आंब्याखाली घोरत होतात. मी हाकच मारली नाही. म्हटलं, किती वर्षांनी डोळा लागलाय माणसाचा."