पंधरा शब्द

नऊ वाजून दोन मिनिटांनी त्याने पोस्ट टाकली आणि मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. लगेच उचलून पाहिला. अजून नऊ वाजून दोनच मिनिटं झाली होती.

पहिला तास महत्त्वाचा. त्या तासात लोक बोलले तर अल्गोरिदम पोस्ट पुढे ढकलतो, नाहीतर जागच्या जागी गाडून टाकतो. कपाटाच्या दारावर त्याने नियमांचा कागदच चिकटवला होता. लिंक टाका. लिंक टाकू नका. फोटो हवाच. फोटो नको, अनुभव हवा. प्रत्येक ओळीवर काट आणि खाली नवी ओळ. नोकरीधंद्याच्या त्या साइटवर दर महिन्याला नियम फिरत होते आणि त्यांच्यामागे धावता धावता याच्या तोंडाला फेस आला होता.

नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. प्रोफाइलवर मात्र ‘स्वतंत्र सल्लागार’ असं झळकत होतं. आजची पोस्ट होती ‘गोदाम सांभाळण्याचे पाच धडे’. तिसरा धडा शीतगृहाचा. शीतगृहात त्याने आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं, पण सध्या तो शब्द चालतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

तीन लाइक आले. तिघेही त्याच्यासारखेच घरी बसलेले. खाली एकच कमेंट होती: ‘छान.’

ती आईची. निदान एका तरी माणसाने बोलावं म्हणून आईचं खातं त्यानेच उघडून दिलं होतं, आणि आई रोज नेमाने ‘छान’ लिहीत होती.

“आई, ते ‘छान’ काढून टाक.”

आई खिडकीपाशी चष्मा पुसत बसली होती. “का रे? छान नाही लिहिलंस आज?”

“तसं नाही गं. नवा नियम आलाय. एका शब्दाची कमेंट आली की पोस्ट खाली जाते. निदान पंधरा शब्द हवेत. आणि शेवटी प्रश्न टाक, म्हणजे लोक उत्तर देतात.”

“तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. कमी बोला, लाइन अडवू नका, म्हणून ओरडा खाल्ला. आता म्हातारपणी पंधरा शब्द!” आईने चष्मा चढवला. “मोजतं कोण?”

“मशीन.”

“आणि त्याला नक्की हवंय तरी काय?”

“तेच तर कळत नाही. रोज बदलतं.”

“तुझी आजी तशीच होती. काल मीठ कमी, आज जास्त,” आई म्हणाली आणि एका बोटाने टाइप करायला लागली.

तो स्वयंपाकघरात गेला. पाणी प्यायला. गॅलरीत गेला, परत आला. नऊ चाळीसला बघणारे होते एकोणीस. त्याने पाचव्या धड्यातला एक शब्द बदलला, मग पुन्हा होता तसा केला. मोबाइल खिशात घातला.

खिशात मोबाइल थरथरला. मग पुन्हा. मग थांबेचना.

बघणारे चारशे झाले होते. बघता बघता नऊशे. “आई, चालली! पोस्ट चालली!” तो ओरडला. शेवटी त्या मशीनची नस सापडली होती तर. त्याने कमेंट उघडल्या.

सगळ्यात वर आईची होती.

‘हा माझा मुलगा. आठ महिने घरी आहे, पण रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसतो. जेवणात लक्ष नसतं. गोदाम मात्र जीव लावून सांभाळायचा. कुणाला असा माणूस हवाय का?’

त्याखाली साठ-सत्तर उत्तरं. जुन्या कंपनीतले लोक होते. त्याच्या हाताखाली शिकलेली मुलगी होती. ज्याने याला घरी पाठवलं तो साहेबही होता. एका अनोळखी माणसाने लिहिलं होतं, ‘काकू, मीही घरीच आहे. मीही शर्टाला इस्त्री करतो.’

त्याचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“आई, हे काय करून ठेवलंस? सगळ्या जगात शोभा केलीस माझी! काढ ते आधी.”

“पंधराच्या वर आहेत शब्द. मोजलेत मी. शेवटी प्रश्नही टाकलाय.”

“काढ म्हणतो ना!”

तो तिचा मोबाइल घ्यायला पुढे आला. आईने मान वर न करता डावा हात आडवा धरला. “थांब. लोक बोलतायत. चालू लाइन मी कधी तोडली नाही.”

तो तसाच उभा राहिला. आईचं बोट एकेक अक्षर शोधत होतं. ती प्रत्येकाला उत्तर देत होती. इस्त्रीवाल्याला तिने लिहिलं होतं, ‘जेवून घेत जा.’

“या एक बाई आहेत बघ,” आई म्हणाली. “मोठं शीतगृह आहे म्हणे त्यांचं. तुझा तिसरा धडा वाचलाय. विचारतायत, तुमच्या मुलाला शीतगृहाचं काम येतं का? काय लिहू?”

त्याने कपाटावरच्या कागदाकडे पाहिलं. मग आईकडे. शर्टाची कॉलर एकदम काचायला लागली. त्याने वरचं बटण काढलं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच तो तिच्याशेजारी टेकला.

“लिही, त्याला येत नाही. पण शिकेल.”

आईने लिहिलं. मग बोट हवेतच थांबवून मोजलं.

“पाचच होतायत रे.”

“होऊ देत,” तो म्हणाला. “जोडून दे.”