मामांचे गुडघे

घंटा वाजवली की शिपाईमामा जिन्याखालूनच सांगायचे, "गुडघे धरलेत साहेब, जरा तुम्हीच या." मग हेडक्लार्क चरफडत उठायचे. पाण्याला, फायलीला, सहीला, दिवसातून वीसदा जिना चढायचे-उतरायचे. अकरा वर्षं हेच.

यंदाच्या तपासणीत डॉक्टर चकित झाले. "बैठं काम, आणि रिपोर्ट इतके छान?"

मामांच्या निवृत्तीच्या दिवशी हेडक्लार्कनी त्यांचे हात धरले. "मामा, तुमच्या दुखऱ्या गुडघ्यांनी मला वाचवलं बघा."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" मामा हसले, मग खुर्चीकडे वळले. "तुमच्याआधी या खुर्चीत होते ना, त्या साहेबांना मी सगळं जागेवर नेऊन द्यायचो. एके दिवशी पाण्याचा पेला पुढे केला, तो घ्यायला हातच उठला नाही."