पहाटेचा राग

"शास्त्रीय संगीत कोण ऐकतंय हल्ली? सोमवारपासून सकाळचा कार्यक्रम बंद," रेडिओ केंद्राचे साहेब म्हणाले.

निवेदिकाबाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी, अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच, त्यांनी भल्या सकाळी संध्याकाळचा राग लावला आणि वर "हा पहाटेचा राग" असंही गंभीर आवाजात ठोकून दिलं.

गाणं संपायच्या आत केंद्रातले सगळे फोन खणखणायला लागले.

"दर्जा पार रसातळाला गेलाय तुमचा!"

"कान आहेत की नुसती भोकं?"

साहेब तणतणत बाईंच्या टेबलापाशी आले. "बाई, तक्रारींनी जीव नकोसा केलाय! काय सांगू मी या लोकांना?"

बाईंनी वाजणारा फोन उचलून त्यांच्या हातात दिला.

"सांगा की, कोणी ऐकत नाही म्हणून."