पुरवणी विमा

"काका, सरकारी आरोग्य कार्डाबरोबर खासगी पॉलिसी आहे का?" हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं. खैरमोडे मास्तरांनी ऐटीत मान डोलावली. मुलाने नुकताच त्यांच्या नावाने पुरवणी विमा काढला होता.

एरवी बिलाचा मोठा वाटा कार्ड उचलायचं, पण उरलेला खिशातून जायचा, म्हणून मास्तर हॉस्पिटलची पायरी टाळत. आता तो उरलेला वाटा पुरवणी विमा भरणार होता. "आपल्या खिशाला थोडीच चाट बसतेय? होऊन जाऊ दे," म्हणत त्यांनी वर्षभर सांगतील त्या तपासण्या केल्या, दोनदा भरतीही झाले. निघालं काहीच नाही. बायको, कुमुदताई, मुकाट डबे पोचवत राहिल्या.

दिवाळीत रांगोळी काढून उठताना कुमुदताई पडल्या, खुबा मोडला. त्यांना स्ट्रेचरवर ठेवून मास्तरांनी त्याच काउंटरवर कार्ड पुढे केलं.

"काका, हे कार्ड तुम्हा दोघांत मिळून आहे. यंदाची रक्कम तुमच्या तपासण्यांतच संपली."

"मग तो पुरवणी विमा?"

"तो तुमच्या एकट्याच्या नावावर." मुलीने स्क्रीन पाहिली. "त्यात अजून भरपूर शिल्लक आहे," ती आपुलकीने म्हणाली. "तुम्हाला काही त्रास होतोय का?"